छपरावर न चढता चिमणीचा लायनर साफ करताना: न्यू हॅम्पशायरमधल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या दक्षिण भागातलं, १९७०च्या दशकात बांधलेलं दुमजली लाकडी घर. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं, आणि त्या हिवाळ्यापुरती रत्नागिरी जिल्ह्यातून आलेली नवऱ्याची आई. माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत. कामाचे तपशील मात्र घडले तसेच ठेवले आहेत, कारण ते कोणाला तरी उपयोगी पडावेत यासाठीच हे लिहितो आहे.

दिवाणखान्यात विटांची जुनी फायरप्लेस होती. आधीच्या मालकाने तिच्या पोटात लाकडावर चालणारा बंदिस्त स्टोव्ह, म्हणजे इन्सर्ट, बसवला होता. स्टोव्हच्या माथ्यावर ६ इंची तोंड असतं. त्याला स्टेनलेस स्टीलचा लवचीक लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारा पाइप, जोडून तो विटांच्या चिमणीतून थेट वर नेलेला होता. लांबी साधारण २५ फूट. वरच्या टोकाला टोपी, आणि खारी-पाखरं आत शिरू नयेत व ठिणग्या बाहेर उडू नयेत म्हणून टोपीभोवती जाळी. जुन्या फायरप्लेसचं विटांचं धुराडं स्टोव्हच्या मानाने फारच रुंद असतं. धूर त्यात पसरतो, गार होतो, रेंगाळतो. अरुंद लायनरमध्ये तो गरम राहतो आणि झपाट्याने वर जातो, लायनरचं सगळं काम एवढंच. इथे अडचण अशी की चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून होती, म्हणजे तिच्या तीन बाजू थंडीत उघड्या, आणि लायनरभोवती उष्णतारोधक थर नव्हता.

घर गरम ठेवायला तेलावर चालणारा बॉयलर आहे. तरी लाकूड जाळायचं कारण वीज. बॉयलरला वीज लागते आणि या राज्यात बर्फाच्या वादळात वीज जाते. डिसेंबर २००८च्या वादळात राज्यातल्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती, काहींची दोन आठवडे आली नव्हती. तिथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला शेजारी ती हकीकत सांगतात. त्यामुळे या कुटुंबाने दोन हिवाळे स्टोव्ह रोज वापरला होता.

चिमणी साफ करणाऱ्या कारागिराने सप्टेंबरअखेर येऊन लायनर झाडला, तपासला आणि ठीक असल्याचं लिहून दिलं. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक वर्षातून एकदा तपासणी करा असं सांगतं. ती झाली होती. आता पुढच्या सप्टेंबरपर्यंत बघायला नको, असं घरात सगळ्यांनी धरलं.

अडचण

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लाकूड टाकायला स्टोव्हचं दार उघडलं की धुराचा लोट खोलीत यायला लागला. रात्री स्वच्छ असलेली दाराची काच तर डिसेंबरापासूनच सकाळी काळीकुट्ट होत होती. स्टोव्ह विझल्यावर डांबरासारखा उग्र वास. एका रात्री जिन्यातला धुराचा अलार्म वाजला आणि मुलं उठून बसली. त्या रात्री त्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली. हवेची कळ बंद करून, दार घट्ट लावून विस्तव आपोआप विझू दिला, बॉयलर चालू केला, आणि कारण कळेपर्यंत काडी लावायची नाही असं ठरवलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही मजल्यांवर होता आणि तो वाजला नव्हता, हेही त्यांनी उठून पाहिलं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी दोन कॉर्ड ओक विकत घेतलं होतं. एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट रचलेलं लाकूड. विकणाऱ्याने ‘सीझन्ड’, म्हणजे सुकवलेलं, असं सांगितलं होतं. लाकूड अंगणात पडलं त्या दिवशी आजींनी दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्या होत्या. सुकं लाकूड खणखणतं, ओलं धप्प वाजतं. “हे ओलं आहे रे. नुसतं धुपेल,” असं त्या आपल्या मुलाला, म्हणजे या घरातल्या नवऱ्याला, म्हणाल्या. कोकणात त्यांचं आयुष्य पावसाळ्याची बेगमी करण्यात गेलेलं. वैशाखात सरपण सुकवून पडवीत रचलं नाही तर आषाढात घर धुराने भरतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मुलाला वाटलं, इथलं लाकूड वेगळं, इथले स्टोव्ह वेगळे.

जानेवारीत त्याने ओलावा मोजायचं यंत्र आणलं, ढलपी मधोमध फोडली आणि ताज्या आतल्या बाजूला टोकं रोवली. आकडे आले ३१, २९ आणि ३३ टक्के. जाळायचं लाकूड २० टक्क्यांच्या खाली हवं. ओकला फोडून रचल्यावर बहुतेक दोन उन्हाळे लागतात, हे लाकूड एकाही पुऱ्या उन्हाळ्यातून गेलेलं नसावं. अशा लाकडाची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात जाते, धूर गार राहतो, आणि लायनरमध्ये तो साधारण १२० अंश सेल्सिअसच्या (२५० फॅरनहाइट) खाली आला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं भिंतीवर बसतात. हेच क्रिओसोट. त्यात भर म्हणून रात्रभर विस्तव टिकावा यासाठी हे रोज झोपताना हवेची कळ जवळजवळ बंद करत होते. ओलं लाकूड आणि कमी हवा, दोन्ही एकत्र.

समोरचे पर्याय

कारागिराला फोन केला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. छपरावर बर्फ आहे तोवर मी चढणार नाही, बर्फ उतरला की येतो, तीन आठवडे तरी धरा. हवामान खात्याने पुढच्या आठवड्यात उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली पारा जाईल असं सांगितलं होतं.

स्वतः छपरावर चढणं हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. तीव्र उतार, वर बर्फाचा कडक थर. त्यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच.

एका परिचिताने सुचवलं, सुकं लाकूड घालून एकदा जाळ भडकवा, सगळं जळून जाईल. हा सल्ला मी बऱ्याच घरांत ऐकला आहे आणि तो धोकादायक आहे. साठलेल्या क्रिओसोटला आग लावणं म्हणजे जाणूनबुजून चिमणीला आग लावणं. ती आग हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, आणि भिंतीतल्या लाकडी सांगाड्यापासून ती किती लांब आहे हे आतून दिसत नाही. बायकोने हे तिथल्या तिथे नाकारलं.

दुकानात क्रिओसोट सुटं करणारे रासायनिक ओंडके मिळतात. ते जाळले की थर ठिसूळ होतो, पण पाइपमधून तो काढायला कोणीतरी लागतोच. शिवाय ते जाळायचे तर स्टोव्ह पेटवावा लागणार, आणि तोच नको होता.

उरले दोन मार्ग. कारागीर येईपर्यंत फक्त तेलावर राहायचं, किंवा घरातून, स्टोव्हच्या तोंडातून लायनर साफ करायचा. तेलावर राहणं सगळ्यात सुरक्षित होतं, पैशांचा प्रश्नही मोठा नव्हता. पण थंडीच्या लाटेत वीज गेली तर घरात आजी आणि मुलं, आणि उष्णतेचं एकही साधन नाही. म्हणून त्यांनी खालून साफ करायचं ठरवलं, एका अटीवर: आत काचेसारखी चकचकीत झिलई दिसली तर थांबायचं.

ही अट या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. क्रिओसोट तीन अवस्थांत दिसतं. पहिल्या अवस्थेत भुसभुशीत काजळी, ब्रशने पडते. दुसऱ्या अवस्थेत चमकदार, कडक पापुद्रे, जोर लावला तर सुटतात. तिसऱ्या अवस्थेत काळी झिलई, पाइपला डांबर ओतल्यासारखी, ब्रश तिच्यावरून नुसता घसरतो. ती घरगुती साधनांनी निघत नाही. थराची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास गेली की साफ करायची वेळ झाली असं धरतात, झिलई मात्र कितीही पातळ असली तरी चालत नाही.

प्रत्यक्ष काम

स्टोव्ह दीड दिवस पूर्ण गार होऊ दिला. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून बादली बाहेर, बर्फ काढलेल्या काँक्रीटवर ठेवली, लाकडी डेकवर नाही. राखेतला निखारा तीन-चार दिवसही धग धरून राहू शकतो.

मग बॅफल. स्टोव्हच्या आत छताला हवेच्या चार पोकळ नळ्या होत्या आणि त्यांवर सिरॅमिक फायबरच्या दोन पाट्या आडव्या ठेवलेल्या. धूर या पाट्यांना वळसा घालून वर जातो. पाट्या काढल्याशिवाय लायनरचं तोंड दिसतच नाही. आणि त्या जागेवर ठेवून वरून झाडलं तर सगळी काजळी त्यांच्यावर साठून वाट बुजते. पुढची नळी एका छोट्या पिनने अडकवलेली होती. पिन उष्णतेने इतकी घट्ट बसली होती की ती निघायलाच अर्धा दिवस गेला. शेवटी फटीत मुरणारं भेदक तेल लावून तासभर थांबल्यावर ती पक्कडीने हलली. नळी डावीकडे सरकवून खाली उतरवली, मग पाट्या तिरक्या करून दारातून बाहेर. पाटी हातात पापडासारखी हलकी लागते आणि कोपरा जरा आपटला तरी तुकडा उडतो, म्हणून ती दोघांनी दोन्ही हातांनी धरून कागदावर ठेवली. तिची धूळही फुप्फुसात जाऊ नये अशी. काजळीचं तर १७७५ सालीच पर्सिव्हल पॉट या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने चिमणी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाशी नातं दाखवलं होतं. त्यामुळे बारीक धूळ अडवणारा पी१०० मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे. आजी आणि मुलं वरच्या मजल्यावर, दार लावून.

टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा वर धरला. दिसला तेवढ्या भागात राखाडी-काळी, खवल्यांसारखी काजळी, पेन्सिलने खरवडली की पडणारी. झिलई नाही. काम पुढे चालू. पण कॅमेऱ्याला खालचे दहा-बारा फूटच दिसत होते, त्याच्या वर नुसता अंधार. हे लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं आलं.

साधन म्हणून ड्रिलला जोडून फिरवायचा लवचीक कांड्यांचा संच आणला होता. प्रत्येक कांडी ३ फुटांची, टोकाच्या डोक्याला नायलॉनच्या जाड दोऱ्या. दोऱ्या लायनरच्या व्यासाप्रमाणे कापायच्या असतात. नवऱ्याच्या हाती गॅरेजमधला तारेचा ब्रशही होता, पण स्टेनलेस लायनरचं पातळ, नालीदार अंग पोलादी तारेने ओरखडतं, म्हणून तो ठेवून दिला. त्यांच्या कांड्या पेचाच्या होत्या. अशा कांड्या ड्रिल उलटं फिरवलं की वर, पाइपच्या आत सुटतात आणि डोकं तिथेच अडकतं. ड्रिलची उलटसुलट कळ चुकून दाबली जाऊ नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली. हा आजींच्या नातीचा सल्ला, आणि फार चांगला.

लायनर २५ फूट, म्हणजे आठ कांड्या आणि वर एक फूट. टोपीला धक्का लागू नये म्हणून आठव्या कांडीच्या शेवटी लाल पट्टी लावली. तिच्या पुढे जायचं नाही.

स्टोव्हच्या दारावर प्लॅस्टिक लावून कडा चिकटवल्या, मधे कांडीपुरती चीर ठेवली. ड्रिल चालू करण्याआधीच बायकोच्या लक्षात आलं की प्लॅस्टिक खोलीच्या बाजूला फुगून आलंय. म्हणजे चिमणीतून हवा खाली, घरात येत होती. अशात काजळी सुटी केली असती तर तिच्यातली बारीक धूळ चिरेतून थेट दिवाणखान्यात आली असती. तळघरात कपडे वाळवायचं यंत्र चालू होतं आणि वर न्हाणीघरातला पंखा. दोन्ही घरातली हवा बाहेर फेकतात आणि ती भरून काढायला घर मिळेल तिथून हवा ओढतं. गार पडलेली चिमणी त्याला सोपी वाट देते. दोन्ही बंद केली, त्याच खोलीतली खिडकी दोन बोटं उघडली. प्लॅस्टिक सैल पडलं. मला विचाराल तर या सगळ्या कामातला सर्वांत शहाणपणाचा क्षण तो.

पुढचं काम सरळ होतं. डोकं आधी पाइपच्या आत सरकवायचं, मग ड्रिल हळू चालू करायचं, एकेक कांडी जोडत वर जायचं, तसंच फिरवत खाली यायचं. पहिल्या पाच-सहा कांड्यांपर्यंत कोरडी काजळी सळसळत खाली आली. शेवटच्या दोन कांड्यांना आवाज बदलला, खाली काही चमकदार काळे तुकडे पडले, काचेच्या कपच्यांसारखे टोकदार. त्यांनी ते बाजूला काढून डबीत ठेवले. काजळी मात्र साध्या व्हॅक्यूमने ओढली नाही. साधं यंत्र बारीक काजळी मागून परत खोलीत फेकतं. हेपा फिल्टरचं यंत्र भाड्याने आणलं होतं.

पहिला विस्तव

पाट्या आणि नळी जागेवर बसवून थोड्या काटक्यांचा जाळ केला. सुरुवातीला धुराला ओढ चांगली लागली. दहाएक मिनिटांनी दार उघडलं आणि धूर पुन्हा खोलीत.

इथे दुसरा निर्णय. नवऱ्याचं म्हणणं पडलं, पाइप नीट साफ झालेला नाही, पुन्हा कांड्या घालू, या वेळी तारेचा ब्रश. बायको म्हणाली, पाइप तर आठ कांड्यांपर्यंत मोकळा आहे, त्याच्या वर काय आहे? सकाळी उजेडात अंगणाच्या टोकाला उभं राहून दुर्बिणीतून बघितलं. टोपीची जाळी उत्तरेकडून पूर्ण काळी, बुजलेली. दक्षिणेकडे तळहाताएवढी जागा उघडी. सगळा धूर तेवढ्यातून जायला बघत होता.

जाळी हा धुराच्या वाटेवरचा सगळ्यात गार भाग. क्रिओसोट तिथे आधी बसतं, आणि बारीक भोकं बुजायला थर जाड व्हावाही लागत नाही. खालून साफ करणाऱ्याच्या हाताला नेमकी तीच लागत नाही.

कांड्या आणखी वर सारून दोऱ्यांनी जाळी झोडपता आली असती. काही लोक करतात. पण दोऱ्या जाळीत गुंतल्या तर डोकं २५ फुटांवर अडकतं, आणि टोपी निखळली तर पाऊस आणि बर्फ थेट लायनरमध्ये. शिवाय डबीतल्या त्या चकचकीत कपच्या सांगत होत्या की वरच्या भागात आणखी काही आहे. त्यांनी थांबायचं ठरवलं. थंडीची लाट बॉयलरवर काढली. सुदैवाने वीज गेली नाही.

वरचं टोक

फेब्रुवारीच्या मध्यावर बर्फ उतरला आणि कारागीर आला. जाळी खरवडून मोकळी केली, वरून कॅमेरा सोडला. छपराच्या वर डोकावणाऱ्या चिमणीतल्या, म्हणजे लायनरच्या शेवटच्या चार फुटांत, आत झिलईचा थर होता. नायलॉनच्या दोऱ्यांनी त्याच्या वरवरचे पापुद्रे तेवढे पाडले होते. खालचे वीस फूट स्वच्छ, तिथलं काम चांगलं झालंय असं त्याने सांगितलं. लायनर वाकडा झालेला नव्हता, चिमणीला आग लागून गेल्याची खूण नव्हती. झिलई ठिसूळ करायला त्याने रासायनिक उपचार केला आणि काही दिवसांनी परत येऊन ती काढली.

त्या मोसमात उरलेल्या दिवसांत कुटुंबाने भुशाच्या दाबलेल्या विटा जाळल्या. त्यांत ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो. ओक पत्र्याखाली, बाजू उघड्या ठेवून पुढच्या हिवाळ्यांसाठी रचलं. उन्हाळ्यात लायनर आणि विटा यांच्यामधल्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट या उष्णतारोधक खनिजाचं मिश्रण ओतून घेतलं, त्यामुळे लायनरचं वरचं टोक आता पूर्वीइतकं गार पडत नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी ॲश नावाच्या झाडाचं लाकूड घेतलं, एमराल्ड ॲश बोरर किड्याने उभ्या उभ्या मेलेल्या झाडांचं, तेही मार्चमध्ये. ऑक्टोबरात फोडून मोजलं तर १७ टक्के. जानेवारीत पुन्हा बॅफल काढून खालून साफ केलं तेव्हा कोरडी तपकिरी भुकटी निघाली, तीही थोडी. जाळी दुर्बिणीतून मोकळी दिसत होती.

वेगळं काय करता आलं असतं

लाकूड उतरवून घेतानाच मोजायला हवं होतं. यंत्र स्वस्त आहे, आणि आजींचा ढलपी आपटून बघायचा प्रयोग तर फुकट. विकणाऱ्याच्या समोर दोन ढलप्या फोडल्या असत्या तर माल परत पाठवता आला असता.

सप्टेंबरात साफ झालं म्हणजे वर्ष निघालं, ही समजूत सगळ्यात महाग पडली. वर्षातून एकदा ही किमान तपासणी आहे. थर किती लवकर चढतो हे लाकडावर आणि जाळण्याच्या सवयीवर ठरतं. ओल्या ओकवर, हवा कोंडून, काही आठवडेही पुरतात. काच रोज काळी होऊ लागली तेव्हाच, डिसेंबरात, बघायला हवं होतं. इन्सर्टला बाहेर दिसणारा पाइप नसल्यामुळे पाइपवर तापमापक लावता येत नाही. निदान स्टोव्हच्या दर्शनी भागावर एक लावला असता तर रात्रीचा जाळ किती गार चाललाय हे कळलं असतं.

कामाचा क्रम उलटा हवा होता. आधी अंगणातून दुर्बीण, मग बॅफल. जाळी बुजलेली दिसली असती तर खालून साफ करून स्टोव्ह लगेच चालू होणार नाही हे आधीच कळलं असतं, आणि थंडीच्या लाटेसाठी दुसरी सोय, उदाहरणार्थ जनरेटर भाड्याने, बघायला वेळ मिळाला असता.

खालून साफ करूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. या घरात वीस फुटांची काजळी सुरक्षितपणे निघाली, छपरावर कोणी चढलं नाही, आणि झिलईच्या कपच्या वेळेवर दिसल्या. फक्त शेवटच्या कांडीपलीकडचा भाग कोणीतरी डोळ्यांनी बघेपर्यंत काम पुरं झालं असं धरायचं नाही, आणि तोवर मोठा जाळ करायचा नाही.

आणखी एक गोष्ट. सप्टेंबरात कारागीर घरी होता तेव्हाच त्याला बॅफल काढून दाखवायला सांगता आलं असतं. यंदा त्यांनी ते त्याच्याकडून करून घेतलं, मोबाइलवर चित्रित केलं, आणि पिनला उष्णता सोसणारं वंगण लावून ठेवलं आहे.